‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे तुटले कुठे?



रेशन दुकान असो, तहसील कचेरीजवळचे सेवा केंद्र असो की बँकेची खिडकी असो, एक वाक्य आपल्या सर्वांच्या कानांना सवयीचे झाले आहे. “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे ऐकले की आपली माणसे पिशवी काखोटीला मारून मुकाट्याने परत फिरतात. रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. कोणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा राहिलेला असतो आणि शेवटची तारीख तोंडावर आलेली असते. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काय, हे पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी मोठ्या शहरात असलेला संगणक. तो तिथे व्यवस्थित चालू असतो आणि आपल्या गावाच्या वेशीवर केबल तुटलेली असते, असेही घडते.

तेव्हा संगणकांची जाळी किती प्रकारची असतात, ती कोणत्या आकारात जोडलेली असतात आणि एका ठिकाणी तार तुटली की अंधार कोणाकोणाकडे होतो, याची माहिती आज घेऊ. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना हा भाग परीक्षेलाही असतो. त्यांनी तो घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा.

जाळ्याचे प्रकार दोन रीतींनी सांगतात. एक, ते किती दूरवर पसरले आहे यावरून. आणि दुसरी, ते कोणत्या आकाराचे आहे यावरून. पहिली रीत सोपी आहे, ती लवकर उरकू. मोबाइलला बिनतारी हेडफोन जोडला की ते झाले हातभर अंतराचे ‘पॅन’. एका कचेरीतले किंवा शाळेच्या संगणक कक्षातले संगणक एकमेकांना जोडले की ‘लॅन’. एका शहराच्या पसाऱ्याएवढे जाळे म्हणजे ‘मॅन’. केबल टीव्हीवाल्याने सगळ्या शहरात फिरवलेली केबल हे त्याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण. आणि जिल्हा, राज्य, देश ओलांडून जाते ते ‘वॅन’. इंटरनेट म्हणजे अशा असंख्य जाळ्यांचे मिळून झालेले जाळे. आपल्या देशात ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी खुले केले.

‘वॅन’चा उपयोग आपल्या आईवडिलांच्या पिढीला रेल्वेने दाखवला. संगणकावरचे आरक्षण १९८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे झाली. पण प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांचा हिशेब ठेवी. एकाला दुसऱ्याची वही दिसत नसे. त्यामुळे परतीच्या तिकिटासाठी दूरच्या शहरावर अवलंबून राहावे लागे. ही पाचही केंद्रे १९९९ साली एकमेकांना जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. संगणक तेच होते, माणसेही तीच होती. त्यांच्यामध्ये जोडणी नव्हती, ती आली.

आता मुख्य विषय, म्हणजे जाळ्याचा आकार. याला इंग्रजीत ‘टोपॉलॉजी’ म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही. कोण कोणाला जोडलेला आहे याचा कागदावर नकाशा काढला तर जी आकृती दिसेल ती टोपॉलॉजी.

जुना आणि स्वस्त आकार ‘बस’चा. ही एस. टी. नव्हे, पण मनात तीच आणली तरी चालेल. एकच रस्ता आणि त्यावर सगळ्यांचे थांबे. कचेरीच्या भिंतीच्या कडेने एकच केबल जायची आणि प्रत्येक संगणक तिला मध्येच जोडलेला असायचा. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पाणी काटकोनात वळून पुढे जाते. इंग्रजी ‘टी’ अक्षर जणू. नेमक्या त्याच आकाराचा एक धातूचा तुकडा प्रत्येक संगणकाच्या मागे असे, त्याला ‘टी कनेक्टर’च म्हणत. केबलच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची एकेक टोपी बसवावी लागे. टोपी नसेल तर विहिरीत हाक मारल्यावर आवाज जसा घुमून परत येतो, तसा विजेचा संदेश टोकावर आपटून मागे फिरे आणि सगळ्यांचे बोलणे एकमेकांत मिसळून जाई. ही बारीक केबल एका पट्ट्यात १८५ मीटरच्या पुढे न्यायची नाही आणि तिच्यावर ३० च्या वर संगणक जोडायचे नाहीत, असा नियम होता. या पद्धतीला ‘इथरनेट’ म्हणतात. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात उभी केली. बोलण्याचा नियम साधा. आधी कानोसा घ्यावा, रस्ता मोकळा असेल तर बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबावे आणि थोड्या वेळाने, पण एकाच वेळी नव्हे, पुन्हा सुरुवात करावी. जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत हा नियम लावता आला असता तर किती बरे झाले असते!

या आकारातला दोष मी डोळ्यांनी पाहिला आहे. २००२ साली मी एका कचेरीत हंगामी लिपिक होतो. आठ संगणक, भिंतीच्या कडेने एक केबल. एके सकाळी आठही संगणक एकमेकांना ओळखेनात. साहेबांनी पहिला जाब विचारला तो झाडलोट करणाऱ्या मावशींना. “तूच काहीतरी ओढलं असणार.” मावशी बिचाऱ्या गयावया करीत होत्या की आपण तिकडे हात लावला नाही. दुपारपर्यंत त्यांना घरी पाठवण्याची भाषा झाली. संध्याकाळी साताऱ्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने खाली वाकून शेवटच्या टेबलामागची टोपी चाचपली आणि अर्धा आटा फिरवली. आठही संगणक चालू! ती टोपी ज्या टेबलाच्या मागे होती तिथे आम्हा सर्वांचे पाय दिवसभर लागत असत. दुरुस्तीवाला साहेबांना म्हणाला, “या केबलचा स्वभावच असा आहे. एक सांधा ढिला झाला की सगळे आडवे.” मावशींची माफी कोणी मागितली नाही. पुढच्या वर्षी ती केबल काढून नवी पद्धत बसवली. ज्या जाळ्याची रचनाच नाजूक असते, तिथे दोष शोधताना लोक सर्वांत गरीब माणसाकडे बोट दाखवतात, हे मला त्या दिवशी दिसले. नकाशाकडे कोणी पाहत नाही.

नवी पद्धत म्हणजे ‘स्टार’, ताऱ्याच्या आकाराची. मधोमध एक पेटी, पूर्वी ‘हब’ आणि आता ‘स्विच’, आणि तिच्यापासून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार. एकाची तार तुटली तर एकटाच बंद पडतो, बाकीचे कामाला लागतात. तार जास्त लागते आणि तांब्याची असेल तर शंभर मीटरच्या पुढे जात नाही, पण दोष पटकन सापडतो. घरातले वायफायसुद्धा याच आकाराचे आहे. मध्ये राउटर आणि भोवती सगळ्यांचे मोबाइल. मात्र मधली पेटीच बंद पडली की सगळेच बंद.

ताऱ्याच्या आकाराचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांचा तो एकत्र उपक्रम होता. गावातल्या केंद्रात संगणक आणि मधोमध वारणानगर. शेतकऱ्याने गावातच बसून इंटरनेट पाहावे, बाजारभाव पाहावा, सरकारी दाखले घ्यावेत, अशी मोठी स्वप्ने त्या वेळी वर्तमानपत्रांतून आली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले, तर संगणकाचा खरा उपयोग उसाच्या कामासाठी होत होता. कोणाचा किती ऊस, तोडीची पाळी कधी, खत किती उचलले. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसने मागवण्याची सोय केली. काम तसेच झाले, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडले.

मला या प्रकल्पाची ही बाजू शिकण्यासारखी वाटते. जाळ्याचा आकार तोच राहिला. मधोमध कारखाना आणि भोवती गावे. बदलली फक्त तार. आणि त्या जाळ्यात नोंद कोणाची? ज्याच्या नावावर ऊस त्याची. ज्याच्या हातात कोयता आहे, पण सातबारा नाही, त्याला त्या केंद्रात विचारण्यासारखे फारसे काही नव्हते. प्रकल्प वाईट होता असे मी म्हणत नाही. पण गाव जोडले म्हणजे गावातली सगळी माणसे जोडली गेली, असे समजू नये.

‘रिंग’ म्हणजे रिंगण. प्रत्येक संगणक डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेजाऱ्याला जोडलेला, आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला. आय. बी. एम. कंपनीने १९८५ च्या सुमारास ‘टोकन रिंग’ बाजारात आणली होती. तीत एक टोकन फिरत राही आणि ज्याच्या हाती टोकन त्यानेच बोलायचे. कचेऱ्यांतून ती पद्धत गेली, पण रिंगणाचा आकार मोठ्या जाळ्यांत टिकून राहिला. त्याचे कारण पुढे येईल.

‘मेश’ म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडणे. हा सर्वांत भक्कम आणि सर्वांत खर्चिक आकार. हिशेब करून पाहा. पाच संगणकांना दहा तारा पुरतात. दहा संगणकांना पंचेचाळीस लागतात आणि वीस संगणकांना एकशे नव्वद. संगणक दुप्पट, तारा चौपटीहून जास्त. म्हणून पूर्ण मेश सहसा कोणी बांधत नाही. अमेरिकेत पॉल बॅरन नावाच्या संशोधकाने १९६४ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अणुबाँबच्या हल्ल्यातही टिकेल असे दळणवळण कसे उभारावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. सगळ्यांना सगळ्यांशी जोडण्याची गरज नाही. प्रत्येक ठिकाणाला मोजक्याच शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या वाटा असल्या तरी जाळे खूप मार सोसते, असे त्याने आकडेमोडीने दाखवले. मात्र सगळे एकाच केंद्राला जोडले असतील तर त्या केंद्रावर एक घाव पुरे. दूरच्या वाटा किती मोजक्या असतात हे आपल्यालाही २००८ च्या जानेवारीअखेर कळले. भूमध्य समुद्रात इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरच्या केबल तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट मंदावले. पूर्ण बंद पडले नाही, कारण पूर्वेकडून जाणाऱ्या दुसऱ्या वाटा होत्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून इंग्रज अमदानीतला कृष्णा कालवा निघतो आणि पुढे सांगली जिल्ह्यात जातो. कालव्याच्या कडेला राहणाऱ्याला ‘हेड’ आणि ‘टेल’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. वर कुठे कालवा फुटला किंवा कोणी जास्त पाणी ओढले, की टेलचा शेतकरी कोरडा. सरळ रेषेतल्या प्रत्येक गोष्टीचा हा गुण आहे, आणि गावाला आलेले इंटरनेटही पुष्कळ ठिकाणी असेच आले.

ग्रामपंचायतींना फायबर केबलने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत देशात एक लाखाहून जास्त ग्रामपंचायती जोडल्याचे जाहीर झाले. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी, जवळात जवळ जिथे जुनी फायबर होती तिथून नवी केबल पुढे गावापर्यंत ओढली गेली. त्यामुळे रचना बहुतेक सरळ रेषेची किंवा फांद्या फुटलेल्या झाडासारखी झाली. तालुक्यापासून पहिले गाव, तिथून दुसरे, तिथून तिसरे. समजा, एका रेषेवर आठ गावे आहेत आणि रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताने दुसऱ्या आणि तिसऱ्या गावाच्या मध्ये केबल तोडली. पुढची सहाही गावे गेली. महामार्गाचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून कराड-मलकापूरकरांना जेसीबी काही नवा नाही.

हीच आठ गावे रिंगणात असती तर? तालुक्यापासून आठव्या गावापर्यंत केबलचे आठ तुकडे लागतात. रिंगणासाठी आठव्या गावापासून परत तालुक्याला येणारा नववा तुकडा हवा. तो तुकडा लांब पडतो, पैसे जास्त लागतात. पण मग दुसऱ्या-तिसऱ्या गावामध्ये केबल तुटली, तर तिसऱ्यापासून पुढची गावे उलट्या दिशेने तालुक्याला पोहोचतात. एकही गाव बंद पडत नाही. सहाव्या आणि सातव्या गावाच्या मध्येही तुटली, तर मधली चारच गावे जातात. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तिचा खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये असून तिच्यात ग्रामपंचायती रिंगण पद्धतीने जोडण्याचे ठरले आहे. म्हणजे आकार महत्त्वाचा, हे सरकारनेही मान्य केले. पहिल्याच वेळी नववा तुकडा टाकला असता तर किती लोकांचे हेलपाटे वाचले असते, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

आणखी एक गोष्ट. ही फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. तिथून वस्तीपर्यंतचा तुकडा हा वेगळाच आहे. आपली वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला असते आणि नळाची पाइप, गटार, रस्त्यावरचा दिवा तिथे सर्वांच्या शेवटी कसा येतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांना जोडणी देताना वस्तीतली अंगणवाडी यादीत आहे की नाही, हे पाहण्याचे काम वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींचे आहे.

कामाच्या चार गोष्टी सांगतो. केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ ऐकले की आधी आपल्याच मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडून पाहा. मोबाइलवर उघडते आणि केंद्रात उघडत नाही, याचा अर्थ सर्व्हर चालू आहे आणि केंद्राची तार गेली आहे; मग शेजारच्या गावच्या केंद्रात काम होऊ शकते. बाकीची संकेतस्थळे उघडतात आणि तेवढेच एक कुठूनही उघडत नाही, तर दोष पलीकडचा. तिथे हेलपाटा मारून उपयोग नाही. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र बहुधा मोबाइलच्या सिमवर चालते, ग्रामपंचायतीच्या केबलवर नव्हे. तेव्हा तिथे अडचण रेंजची आहे का, हे विचारा. शक्यतो असे सेवा केंद्र निवडा ज्याच्याकडे फायबरही आहे आणि सिमचे डोंगलही. त्या केंद्राला दोन वाटा आहेत, म्हणजे त्याने आपल्यापुरते छोटे रिंगणच करून ठेवले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा आणि कॉलेजच्या लिपिकाकडे त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणाच्या फाइलीत राहत नाही, हे मी स्वतः लिपिक असल्यामुळे खात्रीने सांगतो.

आणि येत्या ग्रामसभेत हे प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावेत. आपल्या ग्रामपंचायतीची फायबर कोणत्या गावाकडून येते? ती पुढे कुठे जाते, की आपल्याकडेच संपते? वीज गेली तर कचेरीतल्या यंत्राची बॅटरी किती वेळ चालते, आणि ती शेवटची कधी तपासली? केबल तुटल्याची तक्रार कोणाकडे करायची आणि मागच्या वर्षी अशा किती केल्या? उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच. साध्या कागदावर अर्ज लिहून नकाशाची प्रत मागता येते.

नकाशा हाती आला आणि त्यात रिंगण काढलेले दिसले, तरी एक पाहून घ्यावे. रिंगणाच्या दोन्ही बाजू एकाच चरातून किंवा एकाच पुलावरून नेलेल्या असतील तर ते रिंगण फक्त कागदावरचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेचे पाणी कुठवर चढले होते ते कराडपासून सांगलीपर्यंत सर्वांना आठवते. जाणारी आणि येणारी, दोन्ही केबली एकाच नदीच्या एकाच पुलाला बांधलेल्या असतील तर एक पूर दोन्ही घेऊन जाईल. ग्रामसभेत शेवटचा प्रश्न म्हणून हाही विचारा: दुसरी बाजू कोणत्या पुलावरून येते?